लाभांशाचा कर नेमका कुणी भरला?

सोलापूरला शेअरची ओळख डीमॅटच्या, म्हणजे संगणकावरच्या शेअर खात्याच्या, कितीतरी आधीची आहे. १८७४ मध्ये स्थापन झालेली जुनी गिरणी भागभांडवलावरच उभी होती. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून सरकारने कारभार ताब्यात घेतला. संचालक नेमण्याचा भागधारकांचा अधिकार गेला. त्याविरुद्ध एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० मध्ये याचिका बहुमताने फेटाळली गेली. शेअर अजून त्याच्याच नावावर आहे, लाभांशाचा, म्हणजे नफ्यातल्या वाट्याचा, हक्कही शाबूत आहे, मग मालमत्ता हिरावली कुठे, असा न्यायालयाचा त्यामागचा एक युक्तिवाद होता. पुढे सरकारनियुक्त संचालकांनी प्रेफरन्स शेअरमागे (लाभांशात अग्रक्रम असलेल्या शेअरमागे) आणखी ५० रुपये भरायला सांगितले, तेव्हा दुसरा भागधारक लढला आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकला.

त्यानंतरची दोन वळणे थोडक्यात. जुलै १९७४ मध्ये महागाई आवरण्यासाठी सरकारने लाभांशालाच वेसण घातली: दर्शनी किमतीच्या १२ टक्के किंवा नफ्याचा एक तृतीयांश, यांतले जे कमी तेवढेच वाटायचे. बाजार कोसळला. दुसरे वळण म्हणजे १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे अनेक बहुराष्ट्रीय कंपन्यांना इथल्या लोकांना शेअर द्यावे लागले, तेही सरकारने मान्य केलेल्या माफक भावात. ज्या घरांनी ते विकले नाहीत, त्यांच्याकडे पुढे वर्षानुवर्षे पोस्टाने लाभांशाची वॉरंट (चेकसारखे कागद) येत राहिली.

खरा वाद कराचा. १ जून १९९७ पासून लाभांश भागधारकाच्या हातात करमुक्त झाला आणि कर कंपनीने भरायचा ठरले. २००२-०३ चे एक वर्ष सोडले तर हीच पद्धत मार्च २०२० पर्यंत चालली. 'लाभांश करमुक्त' हे इतके अंगवळणी पडले, की २०२० च्या अर्थसंकल्पात ही पद्धत रद्द होऊन लाभांश पुन्हा भागधारकाच्या उत्पन्नात धरला गेला, तेव्हा लहान गुंतवणूकदारावर घाला आला अशी ओरड झाली.

ही ओरड मला पटत नाही. हिशेब मांडून पाहा. शेवटच्या काळात कंपनीला वाटलेल्या १०० रुपयांमागे २०.५६ रुपये कर भरावा लागे. म्हणजे भागधारकांचेच १२०.५६ रुपये बाजूला निघत आणि हातात १०० येत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या कारखानदारालाही १०० आणि जिचे उत्पन्न करपात्रच नाही अशा निवृत्त शिक्षिकेलाही १००. तिच्या वाट्याचा कर गुपचूप कापला जात होता आणि परत मागायची सोय नव्हती. आता कंपनीने तेवढीच रक्कम वाटली तर शिक्षिकेला पूर्ण १२०.५६ मिळतात. कारखानदाराकडे उपकरासह कर भरून सुमारे ८३ उरतात. झळ कुणाला बसली हे उघड आहे. मोठ्या लाभांशावर, वर्षाला १० लाखांच्या वर, २०१६ पासून १० टक्के जादा कर होता खरा, पण लहानांवरचा अन्याय त्याने मिटला नव्हता.

आक्षेप एकच रास्त आहे. वाचलेला कर कंपनीने वाटलाच पाहिजे असे बंधन नव्हते. नफ्यावर कंपनीने कर भरल्यावर पुन्हा कर का, हा प्रश्नही बरोबर आहे, पण तो जुन्या पद्धतीलाही तितकाच लागू होता.

२०२० च्या बदलाबरोबर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच होणारी करकपात, आला. एका कंपनीकडून वर्षाला ५,००० रुपयांच्या वर लाभांश मिळाला की १० टक्के कापायचे. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १०,००० झाली. कर बसतच नसेल तर तसे लिहून देणारा १५जी किंवा साठीनंतर १५एच हा फॉर्म भरून कपात टाळता येऊ लागली; तरीही कापलेच, तर विवरणपत्र भरून परतावा. अनेक ज्येष्ठ नागरिक कापलेल्या रकमेवर पाणी सोडतात, याचे फार वाईट वाटते.

त्याहून मोठे नुकसान ट्रंकेतल्या कागदी शेअरांचे होते. सात वर्षे न घेतलेला लाभांश सरकारी निधीत जातो आणि २०१६ च्या नियमांनंतर, सलग सात वर्षे लाभांश न घेतल्यास, शेअरही त्याच्या मागोमाग जातात. ते परत मिळतात. मात्र वारसाची कागदपत्रे, सही, जुन्या सर्टिफिकेटवरचे नावाचे स्पेलिंग हे सगळे आधी कंपनीकडे जुळवावे लागते, तिचे हक्काचे पत्र घ्यावे लागते आणि त्यानंतरच ऑनलाइन दावा करता येतो.