बीपी नसतानाही मेंदूत रक्तस्राव का होतो?

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ डच वखारीचे पडके अवशेष आहेत. सतराव्या शतकात हे व्यापारी ज्या देशातून आले, त्या नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर काटवाइक नावाचं एक मासेमारीचं गाव आहे. तिथल्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं पन्नाशीच्या आसपास मेंदूत रक्तस्राव होऊन जायची. रक्तदाबाचा त्रास नसलेलीसुद्धा. कारण सापडलं १९९० साली: एकविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एका अक्षराची चूक. त्या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा या लोकांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठत होता.

वखारीचा आणि या रोगाचा अर्थातच काही संबंध नाही. पण तोच तुकडा, तसली कुठलीही चूक वारशाने न आलेल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतही साठतो. फक्त काटवाइकात जे पन्नाशीत होतं ते इतरांना सत्तरी ओलांडल्यावर गाठतं. या रोगाचं नाव सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी, डॉक्टर लोक थोडक्यात ‘सीएए’ म्हणतात. शवविच्छेदनाच्या अभ्यासांत साधारण चौथा हिस्सा वृद्धांमध्ये तो मध्यम ते तीव्र स्वरूपात आढळतो, आणि अल्झायमर असलेल्यांत जवळजवळ निम्म्यांमध्ये. म्हणजे दुर्मिळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यातल्या बहुतेकांना हयातभर त्याचा पत्ताही लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

या तुकड्याला बीटा अमायलॉइड म्हणतात. तो विष नव्हे. मेंदूच्या पेशी तो रोजच बनवतात आणि रोजच त्याची विल्हेवाट लागते. काही भाग विकरं तोडतात, काही रक्तात जातो, आणि काही धमन्यांच्या भिंतींतल्या अतिसूक्ष्म फटींतून मेंदूबाहेर वाहून जातो. या शेवटच्या वाटेला जोर मिळतो तो धमन्यांच्या हालचालीतून. वय वाढलं की धमन्या ताठरतात, प्रवाह मंदावतो आणि माल वाटेतच अडकतो. म्हणून तो भिंतीच्या बाहेरच्या कडेला आधी दिसतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या दुव्यांची साखळी. अल्झायमरच्या गाठींत या तुकड्याचा बेचाळीस दुव्यांचा, चिकट प्रकार जास्त असतो. धमन्यांत मुख्यतः चाळीस दुव्यांचा, जो थोडा जास्त विरघळतो आणि म्हणून भिंतीपर्यंत पोचू शकतो. दोन दुव्यांचा फरक, पण एकात विसरभोळेपणा आधी येतो आणि दुसऱ्यात रक्तस्राव होऊ शकतो.

भिंतीतल्या स्नायुपेशी हळूहळू मरतात आणि त्यांची जागा अमायलॉइड घेतं. सुपारीच्या बागेत बरीच वर्षं उन्हात पडलेला प्लास्टिकचा पाइप आठवा: पाणी जातंय, बाहेरून धड दिसतोय, पण जरा वाकवला की तडकतो. धमनीचं तेच होतं. कधी केसाएवढी गळती होते, कधी मोठा रक्तस्राव.

तो कुठे होतो, यावर बरंच अवलंबून असतं. रक्तदाबामुळे होणारा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल गाभ्यात होतो. सीएएचा मात्र पृष्ठभागाजवळ, वरच्या घड्यांत, कारण अमायलॉइड तिथल्याच धमन्यांत साठतं. खोलवरच्या धमन्या बहुतेक वाचतात. त्यामुळे सीटी स्कॅनवर रक्ताचा डाग नेमका कुठे आहे एवढ्यावरूनही अनुभवी डॉक्टरच्या मनात शंका येते. आणि ही शंका महत्त्वाची आहे: सीएएमुळे झालेला रक्तस्राव पुन्हा होण्याचा धोका वर्षाला सुमारे ७ टक्के, तर खोल गाभ्यातल्याचा सुमारे १ टक्का.

मोठ्या रक्तस्रावाच्या आधी कधी कधी एक इशारा मिळतो, आणि नेमका तोच चुकीचा वाचला जातो. समजा, शिरोड्याच्या एक आजी आडाळ्यावर बांगडे कापत बसल्यात. उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या येतात. त्या थांबत नाहीत, वर सरकतात: मनगट, कोपर, मग ओठाची एक बाजू. पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरतं. सून म्हणते, “आये, हात अवघडलो असतलो, जरा बस.” आठवड्याने पुन्हा तेच, त्याच क्रमाने. मुंग्यांचं असं हळूहळू सरकणं हीच खूण. रक्ताच्या गुठळीने येणाऱ्या छोट्या झटक्यात बहुधा अंगाचा भाग एकदम, एकाच क्षणी बधिर किंवा लुळा पडतो. सीएएत मेंदूच्या पृष्ठभागावर झालेल्या लहानशा रक्तस्रावाने शेजारच्या पेशी चाळवतात आणि ती लाट पुढे सरकत जाते, असं मानलं जातं.

आता गोम अशी की या आजींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर “छोटा झटका होता” असं ठरून अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी गोळी सुरू होण्याची शक्यता बरीच असते. गुठळी असेल तर ती गोळी जीव वाचवते. आधीच पाझरणाऱ्या धमन्यांना मात्र ती महाग पडू शकते. दोष डॉक्टरांना देण्यात अर्थ नाही. साध्या सीटीत सूक्ष्म गळती दिसतच नाही. ती दिसते एमआरआयच्या एका खास पद्धतीत. तिला एसडब्ल्यूआय म्हणतात. गळलेल्या रक्तातलं लोह तिथे बारीक काळ्या ठिपक्यांसारखं उमटतं. ठिपके काठाकाठाने विखुरलेले असतील, गाभ्यात नसतील आणि वय पन्नासच्या पुढे असेल, तर ‘बोस्टन निकष’ लावून मेंदूचा तुकडा न काढताही बऱ्याच खात्रीने निदान करता येतं. या निकषांची सुधारित आवृत्ती २०२२ साली आली.

सिंधुदुर्गातल्या माणसाला एमआरआयसाठी बऱ्याचदा गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं, आणि घरात दोन म्हातारी माणसं, पोरं मुंबईला, हे चित्र तर नेहमीचं. म्हणून जाताना दोन गोष्टी बरोबर न्याव्यात: जुन्या स्कॅनची फिल्म किंवा सीडी, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, गुडघेदुखीच्या गोळ्यांसकट. त्या गोळ्यांतल्या काही रक्त गोठण्यात अडथळा आणतात आणि आपण होऊन त्या कुणी सांगत नाही. मात्र हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्यांनी हा लेख वाचून गोळी स्वतःहून बंद करू नये. तिथला हिशेब वेगळा असतो आणि तो डॉक्टरनेच मांडायचा.

सीएएचा परिणाम फक्त रक्तस्रावापुरता नसतो. माणूस मंदावतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, हिशेब करायला वेळ लागतो. नावं मात्र बऱ्याचदा आठवतात. घरचे “वय झालं” म्हणतात.

साठलेलं अमायलॉइड धमन्यांतून काढून टाकणारा खात्रीचा उपाय आज नाही. जे हातात आहे ते साधं आहे: रक्तदाब. तो अमायलॉइड तयार करत नाही, पण तडकायला आलेल्या भिंतीवर आणखी जोर देतो. ‘प्रोग्रेस’ नावाच्या मोठ्या चाचणीच्या विश्लेषणात रक्तदाब उतरवल्यावर सीएएशी संबंधित रक्तस्राव ७७ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. पावसाळ्यात सुकट, खारवलेला बांगडा, लोणचं आणि पापड यांच्या जिवावर जगणाऱ्या आपल्या किनाऱ्याला हे पाळणं जड जातं, हे मलाही मान्य. तरी “बीपी नॉर्मल आलं” म्हणून गोळी सोडण्याची आपली सवय मिठापेक्षा जास्त घात करते, असं माझं मत. ते नॉर्मल आलेलं असतं गोळीमुळेच.

अल्झायमरवर आता अमायलॉइड उपसणारी प्रतिपिंडं आली आहेत. त्यांतल्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. पण मेंदूतलं अमायलॉइड सुटताना धमन्यांच्या भिंतींवर ताण येतो आणि काही रुग्णांत सूज येते किंवा रक्त झिरपतं. म्हणून हे औषध देण्याआधी एमआरआय करतात, आणि त्यात चारपेक्षा जास्त सूक्ष्म ठिपके दिसले तर तज्ज्ञ ते देऊ नये असं सुचवतात.