भाड्याने दिलेल्या घराचे नुकसान : विम्याचा दावा करावा का, आणि कसा?

अवकाळी वादळात टिनपत्रे उडाली किंवा कवेलू फुटले की, शाळेतल्या गुरुजींना अथवा बँकेच्या कर्मचाऱ्याला खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकापुढे विम्याचा दावा करायचा की खर्च स्वतःच सोसायचा, हा प्रश्न उभा राहतो. नुकसान किती झाले याआधी ते कशामुळे झाले, हे तपासावे.

1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित (सर्व कंपन्यांकडे मूळ अटी सारख्याच असलेल्या) पॉलिसीत आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप आणि दंगल यांमुळे झालेले नुकसान भरून मिळते; घर राहण्याजोगे उरले नाही, तर बुडालेल्या भाड्याचाही त्यात विचार होतो. मात्र वाळवी, ओल, गंज, रोजची झीज आणि नव्या बांधकामाचा पाया बसल्यामुळे भिंतींना गेलेल्या भेगा यांसाठी दावा करण्यात अर्थ नाही. भाडेकरूच्या हातून फुटलेले शौचालयाचे भांडे किंवा मोडलेले दार याचा हिशेब अनामत रकमेतून करणेच योग्य. नुकसानीचे कारण पॉलिसीत बसत असले तरी पॉलिसीधारकाने स्वतः सोसायची रक्कम त्यात लिहिली आहे का, ते पाहावे; दुरुस्तीचा खर्च तिच्या आसपासच असेल तर कागदपत्रांची धावपळ व्यर्थ ठरते.

विदर्भात एका अटीकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. शिक्षक भाडेकरू उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या गावी जातात आणि घर कुलूपबंद राहते, तर सलग 30 दिवसांहून अधिक काळ बंद असलेल्या घराबाबत अनेक पॉलिसींत संरक्षण थांबण्याची अट असते. म्हणून घर बंद राहणार असल्यास कंपनीला आधीच लेखी कळवावे.

इमारतीचा दावा पॉलिसीधारक मालकानेच करायचा असतो. भाडेकरूच्या कूलर, टीव्ही, कपाटासाठी त्याची स्वतःची पॉलिसी हवी. मालकाच्या पॉलिसीतून ते मिळत नाही, हे घर देतानाच सांगितले तर पुढचा वाद टळतो.

नुकसान दिसताच कंपनीला कळवून दावा क्रमांक घ्यावा. पावसापासून वाचवण्यासाठी ताडपत्री जरूर टाकावी, पण सर्वेक्षक येऊन पाहणी करेपर्यंत वाकलेले पत्रे आणि तुटलेले हूक भंगारात देऊ नयेत. फोटो उघड्या छताचे, आतल्या भिंतींचे आणि पडलेल्या पत्र्यांचे असे वेगवेगळे काढावेत.

दाव्याच्या अर्जासोबत पॉलिसीची प्रत, ओळखपत्र, बँक पासबुकाची प्रत, दुरुस्तीचे अंदाजपत्रक व पावत्या जोडाव्यात. मालकीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या कर आकारणीचा उतारा) किंवा मालमत्ता पत्रक चालते. तलाठ्याकडचा गाव नमुना 8-अ शेतजमिनीच्या खात्याचा असतो, तो घराला लागू पडत नाही. महसूल विभागाने पंचनामा केला असल्यास त्याची प्रत घ्यावी; चोरी किंवा तोडफोड असेल तर पोलीस तक्रार आवश्यक आहे. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते आणि बुडालेल्या भाड्याचा पुरावाही तोच ठरतो.

दावा नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत आणि प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. तेथे समाधान झाले नाही किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर विदर्भातील पॉलिसीधारकांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) एक वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते.