तारलीच्या डोक्यातलं तेल

परवा मावशीकडे गेलो तर फ्रिजवर ओमेगा थ्रीच्या, म्हणजे माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली, आणि ओट्यावर तारल्या (सार्डिन मासे) साफ करून डोकी नि आतडी पिशवीत भरून फेकायला ठेवलेली. म्हणाली, "ते ओमेगा थंड पाण्यातल्या सामन माशाला असतं रे, आपल्या माशात कुठलं!" हे इतक्या घरांत ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो.

ओमेगा थ्रीमधले आपल्या कामाचे दोन फॅटी ॲसिड (चरबीचे घटक) म्हणजे ईपीए आणि डीएचए. मासा ते स्वतः फारसे बनवत नाही, ते बनवतं समुद्रातलं सूक्ष्म वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक वनस्पती, आणि तारली तोंड उघडून पाणी गाळत हेच खाते. पावसाळ्यात अरबी समुद्र खालून ढवळला जातो, प्लवकाचं पीक येतं, ते खाऊन नंतरच्या महिन्यांत तारली अशी तेलकट होते की निखाऱ्यावर ठेवली की थेंब पडून भडका उडतो. बोंबलात मात्र नुसतं पाणीच जास्त.

आता खरी गंमत. थंडीत खोबरेल गोठतं पण माशाचं तेल पातळच राहतं, का? फॅटी ॲसिड म्हणजे कार्बनची साखळी. 18 कार्बनची सरळ साखळी असली, म्हणजे स्टिअरिक ॲसिड, तर काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, वितळायला साधारण 69 अंश लागतात. तेवढ्याच कार्बनांत एक डबल बॉन्ड, म्हणजे दोन कार्बनांमधला दुहेरी बंध आला (ओलेइक ॲसिड) की साखळी कोपरासारखी वाकते, रचना बिघडते, आणि 13 अंशांच्या आसपासच वितळते. डीएचएमध्ये 22 कार्बन आणि डबल बॉन्ड 6! ते उणे 44 अंशांपर्यंत गोठत नाही. हेच रेणू पेशींच्या पडद्यात असले की पडदा लवचिक राहतो, म्हणून आपल्या मेंदूत आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात डीएचए भरपूर असतं.

आणि फेकतो काय आपण? डोकी नि आतडी. डोळ्यामागची चरबी, पोटाकडची चरबी, बरीचशी त्यांच्याबरोबरच जाते. ट्यूनाच्या डोळ्यामागची चरबी तर डीएचएसाठी प्रसिद्ध आहे. आतडी खा असं म्हणत नाही मी, पण फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) कारखान्यात हाच माल उकळून, दाबून, गरगर फिरवून तेल वेगळं काढतात. नेहमीच्या 1000 मिलीग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून बहुधा 300 मिलीग्रॅमच असतं, "हृदयाचं कवच" वगैरे जाहिराती बघून पैसे घालवण्याआधी लेबल वाचा. आणि मासे-दूध एकत्र खाल्लं की कोड येतं हेही साफ खोटं, कोड हा त्वचेतल्या रंगपेशी नष्ट झाल्याने होतो.

एक अडचण मात्र खरी आहे. दोन डबल बॉन्डच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो, ऑक्सिजन तिथेच हल्ला करतो, डीएचएमध्ये अशा 5 जागा आहेत. म्हणून खारा बांगडा जुना झाला की पिवळा पडतो, खवट वास येतो. डोकी ठेवायची तर लगेच बर्फात, नाहीतर त्याच दिवशी कालवणात. पूर्वी लाकडी होड्यांना माशाचं तेल चोपडायचे, ते हवेत सुकून कातडीसारखा थर धरायचं, तीही हीच रिॲक्शन, फक्त तिथे ती हवीहवीशी होती.