ब्लूपर व चित्रणदोष, जुन्या विज्ञानकथा मालिकांतील

चित्रीकरणाच्या वेळी नटाकडून किंवा यंत्राकडून झालेली आणि प्रक्षेपणापूर्वी कापून टाकलेली चूक म्हणजे ब्लूपर. कापायची राहून गेल्यामुळे किंवा कापणे परवडत नसल्यामुळे पडद्यावर दिसलेली चूक म्हणजे चित्रणदोष. मराठी नाट्यव्यवसायात वाक्य अडखळले की ‘फंबल झाले’ म्हणतात, सेटवर बाद झालेल्या शॉटला ‘एनजी’ (‘नो गुड’) म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ‘स्टार ट्रेक’ (अमेरिका, १९६६–६९) आणि ‘डॉक्टर हू’ (ब्रिटन, १९६३ पासून) या दोन मालिकांचा विचार केला आहे. पहिली ३५ मिमी. फिल्मवर चित्रित झाली, तर दुसरीचे स्टुडिओतील प्रसंग व्हिडिओ टेपवर मुद्रित झाले. चूक कुठे उरली, हे बऱ्याच अंशी या फरकावरून ठरले.

‘ब्लूपर’ या शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. बेसबॉलमध्ये बॅटला नीट न लागता हवेत उडून जवळच पडलेल्या चेंडूला हे नाव आहे. १९२० च्या दशकात मात्र ते एका प्रकारच्या रेडिओ संचालाही दिले जात होते. पुनर्योजी मंडल (बाहेर आलेला संकेत पुन्हा आत देऊन वाढवणारे मंडल) असलेल्या या संचाची प्रतिक्रिया-कळ प्रमाणाबाहेर पिळली, की संच स्वतःच आंदोलने निर्माण करू लागे, त्याची एरियल प्रक्षेपकासारखी वागे आणि शेजारच्या घरांतील रेडिओंतून शिट्ट्या ऐकू येत. एकाच्या हातची चूक अनेकांच्या कानी पडणे हा अर्थछटेतील धागा पाहता रेडिओची उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते; परंतु खेळातील अर्थाचाही हातभार लागला असावा. प्रक्षेपणातील चूक हा अर्थ रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः कर्मिट शेफर यांच्या १९५० च्या दशकातील ध्वनिमुद्रिकांना दिले जाते. त्यांतील काही नमुने मूळचे नसून पुन्हा घडवून मुद्रित केलेले असल्याने पुरावा म्हणून ते जपूनच वापरावे लागतात.

फिल्मवर काम एका कॅमेऱ्याने, तुकड्या-तुकड्यांनी होई. वाक्य चुकले की रीटेक घ्यायचा आणि बाद तुकडा संकलकाच्या टेबलावर राहायचा. असे तुकडे जोडून ‘स्टार ट्रेक’च्या संकलन विभागाने दर हंगामाची एक चित्रफीत तयार केली. ती नाताळच्या मेजवानीसाठी होती की हंगामअखेरच्या, याबाबत वेगवेगळी विधाने आढळतात. या फितींत सर्वाधिक लक्षात राहतात ती दारे. अंतराळयानाची आपोआप सरकणारी दारे प्रत्यक्षात पडद्याआडचे कामगार दोऱ्या ओढून उघडत, आणि दार सरकल्याचा आवाज नंतर जोडला जाई. नटाचे पाऊल आणि कामगाराचा हात यांचा मेळ अर्ध्या सेकंदाने चुकला, की ताडताड चालत आलेला अधिकारी बंद फळीवर आदळे. प्रक्षेपित भागांतून ही दारे निर्विघ्नपणे उघडताना पाहिली, की त्या न दिसणाऱ्या हातांच्या कसबाची खरी कल्पना येते.

मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी १९७० च्या दशकात या फिती चाहत्यांच्या मेळाव्यांत व महाविद्यालयीन व्याख्यानांत दाखवल्या. स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांनी त्याला हरकत घेतली. भावना न दाखवणारे ते पात्र मध्येच खदखदून हसताना पाहण्यात प्रेक्षकांना मोठा आनंद वाटे, हे खरे. पण तालमीच्या मोकळेपणात झालेली चूक चारचौघांत मांडायची की नाही हे नटानेच ठरवावे, आणि या मुद्द्यावर निमॉय यांची बाजूच अधिक योग्य म्हणावी लागेल.

फिल्मवरील काळजी घेऊनही काही दोष भागांत राहिलेच. दुसऱ्या पथदर्शी भागात (मालिकेआधी केलेल्या नमुना भागात) यानाचा कप्तान कर्क याच्या नावाच्या थडग्यावर मधले आद्याक्षर ‘आर’ आहे. पुढे सर्वत्र ते ‘टी’ झाले. ‘द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर’ (१९६७) या भागासाठी ठरलेले जॉन ड्रू बॅरीमोर चित्रीकरणाला आलेच नाहीत आणि रॉबर्ट ब्राउन यांना ऐनवेळी उभे करावे लागले. त्यांची दाढी एका दृश्यात दाट तर दुसऱ्यात विरळ दिसते.

कर्कच्या सदऱ्याचा रंग हा या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न आहे. ‘चार्ली एक्स’ या भागात तो सोनेरी सदऱ्यात लिफ्टमध्ये शिरतो आणि हिरव्या अंगरख्यात बाहेर पडतो. हा सरळसरळ कंटिन्युइटीचा, म्हणजे एका दृश्यातून दुसऱ्यात सातत्य न राखल्याचा, दोष मानला जातो. तथापि वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांच्या सांगण्यानुसार अधिकाऱ्यांच्या सदऱ्याचे मखमली कापडही मुळात हिरवटच होते; त्या लवदार कापडावर स्टुडिओचे प्रखर दिवे पडले की फिल्मवर ते सोनेरी उतरे. अंगरख्याचे कापड वेगळे असल्याने त्याचा हिरवा टिकून राही. जतन झालेले काही सदरे डोळ्यांना पिवळट हिरवे दिसतात, यामुळे थाइस यांच्या विधानाला बळकटी मिळते. हे मान्य केल्यास वस्त्र बदलल्याचा दोष कायम राहतो, पण रंगातला फरक प्रकाश, कापडाचा पोत व फिल्मचे रसायन यांच्या खात्यावर जातो. अशीच एक हकीकत पहिल्या पथदर्शी भागाविषयी प्रसिद्ध आहे. हिरव्या वर्णाच्या नर्तकीसाठी रंगभूषेची चाचणी घेतली, तर प्रयोगशाळेतून फिल्म नेहमीच्या गोऱ्या त्वचेची आली. पुन्हा अधिक गडद हिरवा लावला, तरी तेच. अखेर उलगडा झाला, की चेहरा हिरवा आला ही आपलीच चूक समजून प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ इमानेइतबारे रंग दुरुस्त करत होते. चाचणीसाठी बहुतेक कथनांत मेजल बॅरेट यांचे नाव येते. पडद्यावर ती भूमिका सूझन ऑलिव्हर यांनी केली.

‘डॉक्टर हू’ची स्थिती वेगळी होती. आठवडाभर तालीम करायची आणि एका संध्याकाळी सुमारे २५ मिनिटांचा भाग अनेक कॅमेऱ्यांनी, बव्हंशी क्रमाने मुद्रित करायचा, अशी पद्धत होती. दोन इंच रुंदीची टेप जोडायची तर ती प्रत्यक्ष कापावी लागे. टेप महाग, आणि कापलेली टेप पुन्हा वापरायला अडचणीची. त्यामुळे मुद्रण मोजक्याच वेळा थांबवता येई. परिणामी जे अमेरिकेत फंबल म्हणून कापले गेले असते, ते इथे घरोघरी पोचले. ‘द वेब प्लॅनेट’मध्ये (१९६५) मुंगीच्या अवजड पोशाखातला नट थेट कॅमेऱ्यावर आदळतो आणि दृश्य तसेच पुढे चालू राहते. ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये (१९७५), टेप संकलन बरेच सुकर झाल्यानंतरच्या काळातही, युगानुयुगे जखडलेला खलनायक सुटेख आसनावरून उठतो तेव्हा गादी त्याच्याबरोबर उचलली जाऊ नये म्हणून ती मागून दाबून धरणारा एक हात स्पष्ट दिसतो.

मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ प्रथम साकारणारे विल्यम हार्टनेल यांचे फंबल हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. ‘द चेस’मध्ये (१९६५) ‘स्पेस’ म्हणण्याऐवजी ते ‘स्पेन’ म्हणतात आणि त्याच श्वासात सुधारतात. चेस्टरटन या सहपात्राचे नाव त्यांच्या तोंडून अनेक परींनी बाहेर पडते. काहींच्या मते विसराळू वृद्धाच्या भूमिकेचा भाग म्हणून हे अडखळणे हेतुपुरस्सर होते. काही जण त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या काठिण्याच्या विकाराकडे बोट दाखवतात. सुरुवातीच्या हंगामांतील बऱ्याच जागा संहितेतल्याच असाव्यात, ‘स्पेन’सारख्या जागा मात्र नसाव्यात, असे मानणे सयुक्तिक ठरेल. वर्षाकाठी ४० हून अधिक भाग करणाऱ्या, १९०८ साली जन्मलेल्या नटाचे इतके थोडे फंबल उरावेत, याचीही नोंद घ्यायला हवी.

बीबीसीचे टेप-तंत्रज्ञ बाद तुकड्यांच्या खाजगी नाताळ-फिती करत. १९७८ च्या फितीत टॉम बेकर व के-९ या यांत्रिक कुत्र्याचा आवाज देणारे जॉन लीसन यांचा सहभाग आहे. ब्लूपरचे सार्वजनिक कार्यक्रम ब्रिटनमध्ये १९७७ पासून, डेनिस नॉर्डन यांच्या आयटीव्हीवरील सादरीकरणाने लोकप्रिय झाले. भारतात ‘स्टार ट्रेक’ १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली.

जतनाच्या बाबतीत फिल्म सुदैवी ठरली. रॉडनबेरी यांनी राखलेल्या कात्रणांतील निवडक भाग २०१६ मध्ये ब्लू-रे संचरूपाने प्रसिद्ध झाला. बीबीसीने मात्र पुनर्वापरासाठी टेपा पुसल्या आणि त्यांबरोबर १९६० च्या दशकातील अनेक संपूर्ण भाग नाहीसे झाले. त्यातून वाचलेला एक मोलाचा नमुना म्हणजे २७ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत मुद्रित झालेला पथदर्शी भाग. लखनौला जन्मलेले वारिस हुसेन यांनी तो दिग्दर्शित केला होता. डॉक्टरच्या टार्डिस या कालयानाची दारे नीट बंद होईनात. ती उघडत-आपटत असताना नट संवाद म्हणत राहतात. नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन यांनी भाग नापसंत करून १८ ऑक्टोबरला तो पुन्हा करवून घेतला. पहिले मुद्रण, आपटणाऱ्या दारांसकट, २६ ऑगस्ट १९९१ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवरून दाखवण्यात आले.