सर्दीवर अँटिबायोटिक चालतं का?

‘सर्दी झाली की लगेच अँटिबायोटिक घ्या, दोन दिवसांत बरे व्हाल’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही.

पेनिसिलिन या अँटिबायोटिकचं काम बघा. ते जिवाणूला पेशीभित्ती नीट बांधू देत नाही. भिंत कमकुवत झाली की जिवाणू फुटतो. साधी सर्दी मात्र विषाणूंमुळे होते, आणि विषाणूला पेशीभित्तीच नसते. मग औषध वार कशावर करणार?

तरी गुण आल्यासारखं वाटतं, ते स्वाभाविक आहे. सर्दी बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप ओसरते. गोळी चौथ्या दिवशी सुरू केली, तर श्रेय तिलाच मिळतं. दरम्यान आतड्यातले उपयोगी जिवाणू नाहक मरतात आणि औषधाला दाद न देणारे टिकतात.

खात्री करायची तर खोक्यातलं माहितीपत्रक उघडा: तिथे जिवाणूसंसर्गच लिहिलेला असतो. धाप लागली किंवा ताप हटेना, तर डॉक्टरांना दाखवाच.