मे महिन्यात चालेल अशी व्हीलचेअर

स्मार्ट व्हीलचेअरची जाहिरात बघितली की ती खुर्ची नेहमी विमानतळासारख्या चकचकीत फरशीवरच पळताना दिसते. आपल्याकडे तिला आधी घराच्या ओट्यावरून खाली उतरायचं असतं. मग गावठाणातली गल्ली, सांडपाण्याची आडवी नाली, पुढे काळ्या मातीचा रस्ता आणि डोक्यावर भुसावळचं ऊन. ‘भाऊ, हाई खुर्ची ओटावर चढी का?’ हा प्रश्न खान्देशात सगळ्यात आधी येणार, आणि मोबाइल अ‍ॅपच्या गप्पांपेक्षा तो जास्त शहाणा आहे.

विजेवर चालणारी खुर्ची तशी जुनी. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला मार बसून हातापायांतली ताकद गेलेल्या सैनिकांसाठी कॅनडातले अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी ती घडवली. मूळ रचना आजही तीच आहे. दोन मोठ्या चाकांना दोन वेगळ्या मोटारी असतात. दोन्ही सारख्या फिरल्या की खुर्ची सरळ जाते, एक मंदावली की त्या बाजूला वळते, आणि एक पुढे व दुसरी मागे फिरली की जागच्या जागी गिरकी घेते. ब्रेकची युक्ती तर फारच छान: वीज मिळत असते तोवर ब्रेक सुटलेला राहतो, वीज गेली की स्प्रिंगच्या दाबाने आपोआप लागतो. उतारावर बॅटरी दगा देऊन गेली तरी खुर्ची गडगडत नाही.

बदल झालाय तो जॉयस्टिक (हाताने हलवायची दांडी) आणि मोटारी यांच्यामधल्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे दांडीची हालचाल वाचून मोटारींना हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात. पार्किन्सन किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाचा हात थरथरतो. पूर्वी प्रत्येक थरथर चाकापर्यंत पोचायची. आता कंट्रोलर सेकंदात अनेकदा हलणारी ती बारीक थरथर गाळून टाकतो आणि सावकाश, ठरवून केलेली हालचाल तेवढीच पुढे पाठवतो. रस्ता एका बाजूला कललेला असेल तर खुर्ची गटाराकडे ओढ घेते. फोनमध्ये असतो तसाच जायरोस्कोप, म्हणजे वळणं-कलणं टिपणारा सेन्सर, ती ओढ ओळखतो आणि त्या बाजूच्या मोटारीला थोडा जोर देऊन खुर्ची सरळ ठेवतो. जाहिरातीत हे दिसत नाही, पण बसणाऱ्याच्या दिवसात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

आता अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरांकडे येऊ. स्वस्त आणि मस्त सेन्सर अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज फेकून त्याचा प्रतिध्वनी मोजणारा. आवाज जाऊन परत यायला किती वेळ लागला यावरून तो भिंतीचं अंतर काढतो. पण हवेतल्या आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो, तर जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना ३५८ मीटरच्या आसपास जातो. सेन्सर २० अंशांवर जुळवलेला असेल आणि तापमानाचा हिशेब धरत नसेल, तर एक मीटरवरची भिंत त्याला ९६ सेंटीमीटरवर भासेल. ही चूक परवडणारी, खुर्ची जरा आधीच थांबेल. डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांवर आला की उलटं होतं आणि भिंत जवळपास दोन सेंटीमीटर लांब वाटते. दोन सेंटीमीटर म्हणजे फार नाही, पण दाराच्या चौकटीतून जाताना बोटं तेवढ्यानेही चेंगरतात. म्हणून चांगल्या यंत्रणेत शेजारी तापमापक बसवतात.

दुसरी अडचण कापसाची. गुळगुळीत भिंतीवरून प्रतिध्वनी ठणठणीत येतो, मऊ वस्तू मात्र तो पिऊन टाकते. दिवाळीनंतर घराच्या पडवीत कापसाचा ढीग पडला, की त्या सेन्सरच्या लेखी तिथे जवळपास काहीच नाही. इन्फ्रारेड सेन्सरला कडक उन्हाचा त्रास होतो, कारण उन्हातच इन्फ्रारेड भरपूर असतं. लायडार, म्हणजे लेसरचा किरण फेकून अंतर मोजणारा सेन्सर, काचेच्या दारातून आरपार बघतो. त्यामुळे एकाच सेन्सरवर विसंबून चालत नाही. दोन-तीन प्रकारांचे सेन्सर एकत्र लावून त्यांची साक्ष ताडून पाहावी लागते. त्यातही ओट्याची कड, पायरी, उघडी नाली असा खाली गेलेला अडथळा ओळखणं उभ्या भिंतीपेक्षा अवघड, आणि धोका मात्र तिथेच जास्त.

उन्हाचा मार बॅटरीलाही बसतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असंच बहुतेक उत्पादक सांगतात. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी तेवढं तापमान सहज होतं. खुर्ची रात्री चार्ज करा, एवढंच.

स्मार्टपणाची खरी गरज मला गादीत दिसते. मणक्याच्या दुखापतीनंतर अनेकदा कमरेखाली जाणीव नसते. आपण बसल्या बसल्या नकळत कूस बदलतो, तशी त्या माणसाला सूचनाच मिळत नाही. बसण्याच्या दोन हाडांखाली कातडीवर सतत दाब राहतो, रक्त पोचत नाही आणि बेडसोअर होतो. तो भरून यायला कधी कधी महिने जातात. त्यात घाम आला की कातडी आणखी नाजूक होते, आणि रेक्झिनच्या सीटवर खान्देशातला उन्हाळा म्हणजे घामाला निमित्तच नको. घरची कापसाची गादी पहिल्या आठवड्यात मऊ लागते, मग दबून पाटासारखी होते आणि वर घामही धरून ठेवते. नव्या गाद्यांत दाब मोजणाऱ्या पातळ सेन्सरांची जाळी असते. एकाच जागी बराच वेळ भार राहिला की फोनवर इशारा येतो. काही खुर्च्यांत मोटारीने अख्खी बैठक मागे कलते आणि भार पाठीवर जातो. मात्र दहा-पंधरा अंश कलवून फारसा उपयोग नाही. दाब खरोखर हलका व्हायला ३० अंशांच्या पुढे जावं लागतं. ही यंत्रणा नसली तरी दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलवण्याचा नियम सुटत नाही. फोनचा साधा गजर लावला तरी चालतो.

आता ओट्याचं उत्तर. अमेरिकेत संशोधक डीन केमेन यांच्या आयबॉट खुर्चीला २००३ मध्ये मान्यता मिळाली. चाकांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरवत ती जिने चढायची, जायरोस्कोपांच्या मदतीने दोन चाकांवर उभी राहायची. किंमत २० हजार डॉलरच्या वर. २००९ मध्ये उत्पादन थांबलं आणि पुढे ती नव्या रूपात परत आली. साधा उपाय रॅम्पचा. नियमातला उतार १ः१२, म्हणजे दोन फूट ओट्यासाठी २४ फूट लांब रॅम्प. गावठाणातल्या गल्लीत एवढी जागा कुणाच्या दारात आहे? रॅम्प वळवून भिंतीकडेने न्यावा लागतो, आणि अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा गवंडी जास्त उपयोगी पडतो.

काळ्या मातीत तर छोटी पुढची चाकं रुततात. आयआयटी मद्रासमधून २०२१ मध्ये आलेलं निओबोल्ट यावर चांगलं उत्तर देतं. साध्या व्हीलचेअरला पुढून मोटारीचं चाक जोडलं की ती छोटी चाकं उचलली जातात. कमाल वेग ताशी २५ किलोमीटर, आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे २५ किलोमीटरचा पल्ला. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या एमॉस विंटर यांची, हाताने दांडे (लीव्हर) ओढून-ढकलून चालवायची खुर्ची तर बॅटरीशिवाय चालते. लीव्हर वर धरला की जोर मिळतो, खाली धरला की वेग. सुटे भाग सायकलचे. मेंदूच्या लहरींवर चालणाऱ्या खुर्च्यांच्या बातम्याही येतात आणि प्रयोग खरे आहेत, पण नालीवरून जाताना त्यांच्यावर भरवसा ठेवायची वेळ अजून आलेली नाही.

दुरुस्तीचं मात्र आधीच ठरवावं. ट्यूबचं पंक्चर कुठलाही सायकलवाला काढतो. वायरिंग आणि बॅटरी ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला ओळखीची असते. फक्त बऱ्याच खुर्च्या २४ व्होल्टच्या आणि ई-रिक्षा सहसा ४८ व्होल्टची, तेव्हा चार्जरची अदलाबदल नको. कंट्रोलर म्हणजे सीलबंद डबा. आजार वाढला, थरथर वाढली, की त्याचं सेटिंग बदलावं लागतं आणि ते कंपनीच्या माणसाशिवाय बहुधा होत नाही. खरेदीआधी दुकानदाराला विचारावं, की तो माणूस कुठून येणार, नाशिकहून की पुण्याहून, आणि तोवर मोटार सोडवून खुर्ची हाताने ढकलता येते का.