तरंगाग्राचे मोजमाप आणि सेन्सरला न दिसणाऱ्या चुका

हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा घासण्यात कसलीच हयगय झाली नव्हती. त्याच्या पृष्ठभागाला सुमारे १० नॅनोमीटरपर्यंतची सफाई होती. फक्त ही सफाई चुकीच्या आकाराला दिली गेली. कडेला आरसा हवा त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट झाला. त्याचा आकार ज्या उपकरणाने तपासत होते, त्या नल करेक्टरमधले एक भिंग जागेपासून १.३ मिलिमीटर सरकलेले होते. आरसा त्या उपकरणाला पटेपर्यंत घासला गेला आणि उपकरणाने तो बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्या दोन चाचण्यांत दोष दिसला होता, पण त्या चाचण्या कमी अचूक म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण अंतराळात गेली. ताऱ्याचा ७० टक्के प्रकाश ०.१ आर्कसेकंद त्रिज्येच्या वर्तुळात यायचा होता, तिथे आला जेमतेम १५ टक्के.

आरसा हवा तसा वाकवणे किंवा घासणे आज तुलनेने सोपे आहे. खरी मेख आहे ती नेमके काय वाकवायचे हे कळण्यात. मोजणाऱ्या सेन्सरला जी चूक दिसत नाही ती तशीच राहते, आणि सेन्सर स्वतः चुकला तर त्याची चूकही इमानेइतबारे आरशावर उतरते.

मोजायचे असते ते तरंगाग्र. प्रकाशलहरीतले एकाच कलेत, म्हणजे चढ-उताराच्या एकाच टप्प्यावर, असलेले सगळे बिंदू जोडले की जो पृष्ठभाग तयार होतो तो म्हणजे तरंगाग्र. दूरच्या ताऱ्याकडून येताना ते सपाट असते. निर्दोष दुर्बीण त्याला गोलाकार देऊन एका बिंदूकडे पाठवते. या आदर्श गोलापासून प्रत्यक्ष तरंगाग्र जिथे जितके पुढे-मागे असेल तितके तिथले विपथन. ते नॅनोमीटरमध्ये किंवा तरंगलांबीच्या हिश्शांत सांगतात. इथे नवख्याची हमखास फसगत होते ती दोनच्या पटीत: प्रकाश आरशावर जातो आणि परत येतो, म्हणून पृष्ठभागातली २.२ मायक्रोमीटरची चूक तरंगाग्रात ४.४ मायक्रोमीटर होते. कितपत चूक चालते? वर्गमध्यमूळ विपथन तरंगलांबीच्या चौदाव्या भागाइतके असेल, म्हणजे हिरव्या प्रकाशात सुमारे ३९ नॅनोमीटर, तर ताऱ्याच्या प्रतिमेचे शिखर आदर्शाच्या ८० टक्के उंच राहते. एवढे जमले की व्यवहारात प्रतिमा निर्दोष मानतात.

 हबलची चूक शोधायला हाताशी होती ती ताऱ्यांची बिघडलेली छायाचित्रे. कॅमेरा फक्त तीव्रता नोंदवतो, कला नोंदवत नाही. तरीही कला परत काढता येते, कारण दुर्बिणीच्या तोंडाशी असलेले तरंगाग्र आणि नाभीतली प्रतिमा यांचे नाते फूरिए रूपांतराचे, म्हणजे लहरींच्या घटकांत विभागणाऱ्या गणिती क्रियेचे, असते. गेर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये मांडलेली रीत सांगायला अगदी साधी आहे. कलेचा कुठलाही अंदाज घ्यायचा आणि फूरिए रूपांतर करून प्रतिमेपर्यंत जायचे. तिथे कला तशीच ठेवून तीव्रता मात्र कॅमेऱ्याने टिपलेली घालायची. मग उलट रूपांतर करून मागे यायचे, दुर्बिणीच्या तोंडाचा ठाऊक असलेला आकार लादायचा आणि पुन्हा पुढे जायचे. शेकडो फेऱ्यांनंतर कला एका आकारावर स्थिरावते.

स्थिरावते, पण बरोबर आकारावरच असे नाही. गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण वेगवेगळ्या अंतरांवर एकत्र येणे, हबलचा दोष तोच), नाभी चुकणे, ॲस्टिग्मॅटिझम ही सम, म्हणजे केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी असणारी, विपथने आहेत, आणि पूर्ण नाभीत घेतलेल्या एकाच छायाचित्रावरून त्यांचे चिन्ह कळत नाही. आरशाची कड सपाट आहे की उंच, दोन्हींची प्रतिमा तंतोतंत एकच येते. यावर उपाय म्हणजे मुद्दाम नाभी चुकवायची. नाभीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक छायाचित्र घेतले की चिन्ह उघडे पडते. हबलच्या बाबतीत दुय्यम आरसा मागेपुढे करून अशी छायाचित्रे घेतली गेली, आणि मुख्य आरशाचा शांकव स्थिरांक (वक्राचा नेमका आकार सांगणारा आकडा) -१.००२३ हवा असताना -१.०१३९ झाल्याचे निघाले. जेम्स वेब दुर्बिणीचे १८ तुकडे २०२२ मध्ये एकमेकांशी जुळवताना याच घराण्यातली रीत वापरली. तिथे नाभी चुकवायला कॅमेऱ्यातच क्षीण भिंगे बसवलेली आहेत.

डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दोन गोष्टी बसवल्या: छोट्या आरशांच्या जोड्या असलेले कॉस्टार, आणि नवा कॅमेरा, ज्याच्या आतल्या लहान आरशांनाच उलट चूक देऊन घासले होते. या दुसऱ्या उपायात एक सुंदर अडचण लपलेली आहे. चूक आणि उलट चूक एकमेकींवर नेमकी बसायला हवीत. गोलीय विपथन त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढते. दोन प्रती जराशा सरकवून एकमेकींतून वजा केल्या तर बाकी उरते ती चौथ्या घाताच्या विकलकासारखी, म्हणजे त्रिज्येच्या घनाने वाढणारी आणि एका दिशेला झुकलेली. हाच कोमा. म्हणून त्या कॅमेऱ्यात प्रकाशाचा किरणपुंज जागेवर आणण्यासाठी हलवता येणारे आरसेही द्यावे लागले.

प्रयोगशाळेत, डोळ्यांच्या तपासणीत आणि बहुतेक वेधशाळांत मात्र तरंगाग्र थेट मोजतात, आणि त्यासाठी सर्वाधिक वापरला जातो तो शॅक-हार्टमन सेन्सर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योहानेस हार्टमन दुर्बिणीच्या तोंडाशी भोकांची चाळणी लावून भिंगांचे दोष शोधत असे. रोलंड शॅक आणि बेन प्लॅट यांनी १९७१ च्या सुमारास भोकांच्या जागी चिमुकल्या भिंगांची जाळी बसवली. प्रत्येक भिंग तरंगाग्राचा आपल्या वाट्याचा चौकोन घेऊन कॅमेऱ्यावर एक ठिपका पाडते. तिथे तरंगाग्र तिरपे असेल तर ठिपका सरकतो. मोजला जातो तो उतार, उंची नाही.

आकडे घालून पाहू. भिंगांमधले अंतर १५० मायक्रोमीटर, नाभ्यंतर ५.२ मिलिमीटर, कॅमेऱ्याचा पिक्सेल ५ मायक्रोमीटर. ठिपका १ मायक्रोमीटर सरकला, म्हणजे पिक्सेलचा पाचवा हिस्सा, तर त्या भिंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तरंगाग्रात २९ नॅनोमीटरचा फरक आहे. ठिपक्याचे केंद्र पिक्सेलच्या पन्नासाव्या भागापर्यंत काढता येते, तेव्हा ३ नॅनोमीटरही हाती लागतात. उलट बाजूची मर्यादा अशी की हीलियम-निऑन लेसरच्या तांबड्या प्रकाशात ठिपका केंद्रापासून २२ मायक्रोमीटर पसरलेला असतो, म्हणून तो ५३ मायक्रोमीटरपेक्षा जास्त सरकला की शेजारच्या भिंगाच्या हद्दीत शिरतो. मग संगणक एकाचा ठिपका दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो आणि आलेला आकार दिसायला गुळगुळीत पण पूर्णपणे खोटा असतो. नाभ्यंतर वाढवले तर संवेदनशीलता वाढते आणि ही हद्द आखडते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

केंद्र काढण्यातही एक सापळा आहे. प्रत्येक भिंगाच्या वाट्याला ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० पिक्सेल येतात. ठिपक्याचा एकूण प्रकाश ४५०० एकक आहे आणि मागचा उजेड प्रत्येक पिक्सेलला फक्त ५ एकक, असे समजा. उजेडाची बेरीजही ४५०० होते, तिचे केंद्र चौकटीच्या मधोमध असते, आणि ठिपका जितका सरकला त्याच्या निम्माच सरकलेला मोजला जातो. विपथन निम्मे दिसते आणि कुठेही धोक्याची खूण दिसत नाही. म्हणून आधी काळी चौकट (ठिपक्यांचा प्रकाश बंद करून घेतलेले छायाचित्र) वजा करायची, मग एक उंबरठा ठरवून त्याखालचे पिक्सेल शून्य करायचे. उंबरठा फार वर नेला तर ठिपक्याच्या कडा कापल्या जातात, तोही दोषच.

उतारांवरून आकार काढायला तरंगाग्र काही ठरावीक आकारांच्या बेरजेत मांडतात. वर्तुळाकार तोंडासाठी फ्रिट्स झर्निके यांनी १९३४ मध्ये दिलेल्या बहुपदी सोयीच्या ठरतात. त्यांतली दुसऱ्या घाताची तीन पदे आपण चष्म्याच्या चिठ्ठीत वाचतोच: स्फेरिकल, सिलिंडर आणि ॲक्सिस हे तीन आकडे म्हणजे नाभी चुकणे आणि ॲस्टिग्मॅटिझमचे दोन घटक. कोमा आणि त्यापुढची पदे चष्म्यात येत नाहीत. मानवी डोळ्यात ती किती असतात हे शॅक-हार्टमनने १९९४ मध्ये मोजले गेले, आणि १९९७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात ३७ ॲक्चुएटरांच्या (आरसा मागून ढकलून-ओढून वाकवणाऱ्या दट्ट्यांच्या) आरशाने ती दुरुस्त करून जिवंत डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी टिपल्या. बाहुलीची त्रिज्या न सांगता दिलेल्या झर्निके गुणांकांना मात्र काही अर्थ नाही. बाहुली निम्मी झाली की नाभी चुकण्याचा गुणांक एक चतुर्थांश होतो आणि गोलीय विपथनाचा सोळावा हिस्सा. अहवालांत ही त्रिज्या गाळलेली पाहिली की वैताग येतो.

वेगाने दुरुस्ती करायची असेल तर झर्निकेच्या वाटेला न जाता सरळ आरशालाच विचारतात. समजा आरशामागे १४० ॲक्चुएटर आहेत आणि सेन्सरवर १०० भिंगे, म्हणजे आडवे-उभे धरून २०० उतार. एकेक ॲक्चुएटर थोडा पुढे ढकलायचा आणि २०० उतार नोंदवायचे. मग तितकाच मागे ओढून पुन्हा नोंदवायचे आणि दोन्हींच्या फरकाचे निम्मे घ्यायचे, म्हणजे मधल्या काळातली संथ सरक रद्द होते. असा २०० गुणिले १४० चा तक्ता तयार होतो. त्याचा व्यस्त काढला की उतारांवरून ॲक्चुएटरांना द्यायच्या आज्ञा मिळतात. एका फेरीला २८,००० गुणाकार. सेकंदाला १००० फेऱ्या केल्या तरी २.८ कोटी, आजच्या साध्या संगणकाच्या अगदी आवाक्यातले.

गोची व्यस्तात आहे. तक्त्याचे एकल मूल्य विघटन केले, म्हणजे आरशाच्या प्रत्येक स्वतंत्र आकाराला सेन्सर किती प्रतिसाद देतो तो आकडा वेगळा काढला, की आरशाचे काही आकार सेन्सरला जवळजवळ दिसतच नाहीत असे आढळते. सगळा आरसा एकसाथ पुढे सरकला तर उतार शून्यच राहतो. त्याने प्रतिमा बिघडत नाही. घातक आकार दुसरा आहे. ॲक्चुएटर भिंगांच्या कोपऱ्यांवर असतील आणि बुद्धिबळाच्या पटासारखे एक आड एक वर-खाली झाले, तर प्रत्येक भिंगाखालचा सरासरी उतार शून्य येतो. सेन्सर म्हणतो सगळे ठीक, आणि प्रतिमेत मात्र ताऱ्याभोवती चार जादा ठिपके उगवतात. याला वॅफल म्हणतात. अशा आकाराचे एकल मूल्य ०.००१ असेल तर व्यस्तात तिथला गोंगाट हजारपट होतो, म्हणून ठरावीक मर्यादेखालची मूल्ये व्यस्त न करता सरळ शून्य धरतात. नंतर किरणपुंज भिंगांच्या जाळीवर थोडा सरकला तरी सगळा तक्ता जुना होतो आणि आधी कडेचे ॲक्चुएटर बेचैन होतात.

प्रत्येक फेरीत काढलेली सगळी दुरुस्ती एकदम देत नाहीत. जुन्या आज्ञेत नव्या दुरुस्तीचा काही अंश, बहुधा ०.३ ते ०.५, मिळवतात. हा अंश २ च्या वर गेला की आरसा डोलू लागतो. मोजणी आणि हालचाल यांत एका फेरीचा जादा उशीर असेल तर ती मर्यादा १ वर येते.

हे सगळे वातावरणासमोर उभे केले की घाई कळते. होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्येच वातावरणाची चूक क्षणोक्षणी दुरुस्त करण्याची कल्पना मांडली, पण त्या वेगाचे संगणक यायला काही दशके जावी लागली. हवेतल्या उष्ण-थंड भोवऱ्यांमुळे तरंगाग्र किती अंतरावर सपाट मानता येते ते फ्राइड लांबी सांगते. ती १० सेंटिमीटर धरली आणि वारा सेकंदाला १० मीटर, तर सुमारे ३ मिलिसेकंदांत जुने मोजमाप शिळे होते. दीड मीटरच्या दुर्बिणीवर ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशात विपथन ७७० नॅनोमीटरच्या आसपास निघते. नुसता एकंदर कल, म्हणजे सगळ्या तरंगाग्राचे एका बाजूला झुकणे, काढून टाकला तर २८० उरते. म्हणजे विचरणाचा (या आकड्याच्या वर्गाचा) ८७ टक्के भाग केवळ कलाचा, प्रतिमा इकडेतिकडे डुलण्याचा.

कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या अशाच दीड मीटरच्या दुर्बिणीवर पुण्याच्या आयुका आणि कॅलटेक यांनी मिळून रोबो-एओ ही वातावरणाची चूक आपोआप दुरुस्त करणारी यंत्रणा उभारली. आरशाच्या व्यासावर ११ भिंगे, म्हणजे एकेका भिंगाच्या वाट्याला सुमारे १४ सेंटिमीटर. फ्राइड लांबीच्या जवळपास. मोजायला पुरेसा तेजस्वी तारा सगळीकडे नसतो, म्हणून ३५५ नॅनोमीटरचा अतिनील लेसर आकाशात सोडून १० किलोमीटरवरून विखरून परतलेला प्रकाश वापरत. त्याला जाऊन यायला ६७ मायक्रोसेकंद लागतात, आणि सेन्सरसमोरची झडप नेमकी तेव्हाच क्षणभर उघडत असे. हा प्रकाश माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे वैमानिकांचे डोळे दिपण्याची भीती राहत नाही.

पण लेसर वर जाताना जितका वळतो तितकाच परतताना उलट वळतो. सर्वात मोठा जो दोष, तो एकंदर कल, तोच त्याला दिसत नाही. शिवाय १० किलोमीटरवरून येणारा प्रकाश शंकूच्या आकाराचा असतो, त्यामुळे वरच्या थरांतली हवा अर्धवटच मोजली जाते. कलासाठी खरा ताराच लागतो. रोबो-एओच्या दृश्य कॅमेऱ्याने यावर सोपी वाट काढली: सेकंदाला आठ-नऊ चौकटी घ्यायच्या आणि नंतर संगणकात प्रत्येक चौकटीतला तारा एका जागी आणून बेरीज करायची. तारा मंद असेल तर एका चौकटीत केंद्र काढण्याइतके फोटॉनच मिळत नाहीत. तेव्हा त्याच दृश्यक्षेत्रातला दुसरा तेजस्वी तारा धरावा लागतो, आणि तो जितका दूर तितकी त्याची डुलणी आपल्या ताऱ्याच्या डुलणीपेक्षा वेगळी असते.